माझ्याच तोंडचा निवाडा

४ तारीख, सोमवार

लांब्याने आज पहाटे फजरच्या नमाजीत मला दोनदा टोकलं. लांब्या म्हणजे आमच्या मशिदीचा नायब इमाम. माझाच चेला, माझ्यासमोर बसून कुराण पाठ केलं, आणि आता माझ्याच पाठीमागे उभा राहून माझ्या चुका काढतो. इमाम पढताना अडला, एखादी ओळ गाळली, तर मागच्याने ती मोठ्याने पुरवायची असा रिवाज आहे. त्याला आम्ही लुकमा देणं म्हणतो, म्हणजे घास भरवणं. पण भूक लागली तर घास ना! मी कुठे अडलो होतो? अडतीस वर्षांत मला असे घास किती मिळाले ते एका हाताच्या बोटांवर मोजून घ्या. या महिन्यात मात्र साहेब रोज जेवू घालतायत. डोळा माझ्या जागेवर आहे, दुसरं काय.

म्हणून ही वही. लेक कधीची मागे लागली होती, अब्बा, रोजचं लिहून ठेवत जा, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टर काहीही सांगतात. मी लिहिणार ते पुरावा म्हणून. कोणत्या दिवशी कुठे टोकलं ते सगळं नोंदवून मशिदीच्या कमिटीसमोर ठेवीन.

दुसरं काम चांगलं सुरू झालं. साध्या मराठीत एक छोटं पुस्तक लिहायला घेतलंय. बाजारातली माणसं पाच वेळा नमाज पढतात, पण बाबांनो, तुमचं ईमान नक्की कशाकशावर आहे असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. अल्लाह एक आहे, एवढं सगळ्यांना येतं. मग फरिश्ते, त्याने उतरवलेली पुस्तकं, त्याने पाठवलेले पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर. सहा गोष्टी. दिवसाला एक लिहिली तरी आठवड्यात काम फत्ते. आज पहिलं पान झालं: 'तो एकटा आहे आणि त्याला कुणाचीच गरज नाही. आपल्याला मात्र एका श्वासापुरतीही त्याच्याशिवाय सोय नाही.'

हिला वाचून दाखवलं. ही म्हणजे माझी बायको, शेहेचाळीस वर्षांचा संसार. 'छान आहे,' म्हणाली आणि दूध बघायला उठून गेली. दूध काही उतू जात नव्हतं.

६ तारीख, बुधवार

दुपारच्या असरच्या नमाजीनंतरचा वर्ग रंगला. सात-आठ जण होते, शेजारचा शिंपी होता, तो गॅरेजवाला वेल्डर होता. वेल्डरने बरोबर मर्मावर बोट ठेवलं. म्हणाला, 'इमामसाहेब, सगळं आधीच लिहिलेलं असेल तर मी चुकलो यात माझी काय चूक?' मी म्हटलं, 'तुझ्या आईला माहीत होतं ना, तू फळीवरच्या बरणीत हात घालणार म्हणून? तिच्या माहीत असण्याने तुझा हात हलला का? हात तुझाच होता, मारही तूच खाल्लास.' सगळे खो खो हसले. नियत माणसाची, हात माणसाचा, म्हणून जबाब माणसाने द्यायचा. ज्याला समजतं त्यालाच विचारलं जातं.

घरी येऊन हिला बरणीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, 'कालही हीच सांगितलीत.' काल वर्ग कुठे होता? बायकांचं वय झालं की असं होतं. स्वयंपाकघरात हिने भिंतीवर कागद चिकटवलाय, 'गॅस बंद केला का?' मोठ्या अक्षरात. मी फाडून टाकला. घरात दोन माणसं, आणि नोटीस कुणासाठी?

८ तारीख, शुक्रवार

जुम्म्याच्या भाषणात, खुतब्यात, मधेच गप्प झालो. म्हणजे थांबलो. माणसं भरलेली, पंखे फिरतायत, सगळ्यांच्या माना वर, आणि मला पुढचा शब्द सापडेना. शब्द सोडा, मी कशावर बोलतोय तेच निसटलं. किती वेळ गेला कोण जाणे. लांब्या उठून पाण्याचा पेला घेऊन आला आणि हळूच म्हणाला, 'उस्ताद, सबरवर बोलत होतात.' मोठा आला सांगणारा! मी पाणी प्यायलो आणि सबरवरच, धीर धरण्यावरच बोललो, आता काय करणार.

पुस्तकाचे कागद कुणीतरी हलवतंय. पहिलं पान लिहून ठेवलं होतं, ते सापडेना. शेवटी बसून पुन्हा लिहिलं. बरं उतरलंय.

१२ तारीख, मंगळवार

आज विशेष काही नाही. मशिदीची किल्ली सापडत नव्हती. सगळं घर पालथं घातलं, शेवटी हिच्या कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या खाली मिळाली. म्हणजे लांब्या आणि ही एकत्र आहेत! थोडं बोललो. राग आला की माणूस बोलतोच.

घसा दुखतोय, का ते कळत नाही. बशी फुटलेली दिसते, तुकडे कुणी उचलले नाहीत. शेजारचा शिंपी दारात येऊन उभा राहिला होता, गळ्यात टेप तशीच. काय हवंय विचारलं तर मान हलवून तसाच परत गेला. ही संध्याकाळपासून नमाजीच्या चटईवर, जानमाजवर बसून आहे. सजद्यात जमिनीला टेकलेलं डोकं वर घेत नाही.

१३ तारीख, बुधवार

हिने आपलं अंथरूण लेकीच्या जुन्या खोलीत नेलं. तब्येत बरी नाही का, विचारलं. उशी उचलून निघून गेली. चहा स्टुलावर ठेवते, मागे सरकते आणि मग दारामागून सांगते, 'चहा ठेवलाय.' आणि हे बघा, शेहेचाळीस वर्षांची बायको माझ्यासमोर ओढणी कपाळापर्यंत ओढून घेते, जणू मी वीज मीटर बघायला आलेला माणूस! हसू आलं मला. म्हटलं, 'अहो बाईसाहेब, लग्न झालंय आपलं.' त्यावर आतून हुंदक्याचा असा आवाज आला की माझं हसू तिथेच जिरलं.

दुपारी लेक बॅग घेऊन आली. जावयाशी भांडली का विचारलं तर नाही म्हणाली. तिची आई आणि मी, आमच्या मधोमध खुर्ची टाकून बसते. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. नळ गळतो तेवढा आवाज.

१४ तारीख, शुक्रवार

गुरुवार म्हणे. आंघोळ केली, अत्तर लावलं, खुतबा मनात जुळवून मशिदीत गेलो तर एकटा झाडूवाला. 'इमामसाहेब, जुम्मा उद्या,' म्हणाला. बरं झालं, तयारी आधीच झाली.

घरी येऊन हिच्या हातातून पेला घेऊ लागलो तर माझी बोटं हिच्या बोटांना लागली. हिने हात असा झटकला की चहा दोघांच्याही अंगावर. 'नका!' ओरडली. 'हात नका लावू, गुनाह होईल.' कसला गुनाह? कुणाला? मला भीती वाटली. पहिल्यांदाच लिहितोय हे. या घरात काहीतरी झालंय, ते सगळ्यांना माहीत आहे आणि मलाच कुणी सांगत नाही. लेकीला विचारलं तर ती माझ्याकडे बघत राहिली. 'अब्बा, तुम्हाला खरंच आठवत नाही?' काय आठवायचं होतं ते विचारलं, तर रडायला लागली.

१९ तारीख, मंगळवार

आज जाड्या आला! मदरशात माझ्या शेजारच्या गादीवर झोपायचा आणि माझ्या वाटणीचं जेवायचा तो जाड्या. आता शहराचा मोठा मुफ्ती आहे, धर्माचे निवाडे देतो, लोक वचकून असतात, पण माझ्यासाठी जाड्याच. जुन्या उस्तादांच्या नकला केल्या, पोट दुखेपर्यंत हसलो. मधेच त्याने विचारलं, आज वार कोणता? असरच्या नमाजीत रकाती किती, फेरे किती? म्हटलं, माझी परीक्षा घेतोस काय रे? तूच नापास व्हायचास.

मग म्हणाला, 'एक मसला आलाय. तुझं मत हवं. एका माणसाने किरकोळ कारणावरून रागाच्या भरात बायकोला तलाक दिला. एका दमात तीनदा.'

म्हटलं, 'दिला तर झाला. यात विचारायचं काय?'

'काही आलिम एका बैठकीतले तीन एकच धरतात.'

'धरोत बिचारे. मी अडतीस वर्षं सांगत आलोय, तीन म्हणजे तीन. चेष्टेत दिला तरी होतो, मग रागात का नाही होणार? प्रेमात कोण तलाक देतं?'

जाड्या हसला नाही. म्हणाला, 'तो माणूस म्हणतो, मी असं काही बोललोच नाही.'

'साक्षीदार?'

'बायको. आणि शेजारी, त्याने भिंतीपलीकडून ऐकलं.'

'मग लबाड आहे.'

'लबाड नाही. त्याला खरंच आठवत नाही. रकाती विसरतो. वार विसरतो. तेच तेच पुन्हा सांगतो. भला माणूस आहे, कधी बायकोवर आवाज चढवला नव्हता.'

इथे मात्र मी सरसावून बसलो. म्हटलं, 'अरे, मग हे आधी सांग ना! माणूस भानावरच नसेल तर तलाक कसला? तिघांवरून लेखणी उचललेली असते: झोपलेल्यावरून, जागा होईपर्यंत, लेकरावरून, मोठं होईपर्यंत, आणि ज्याची अक्कल गेली त्याच्यावरून, ती परत येईपर्यंत. त्याच्या नावावर गुनाह लिहिला जात नाही. बायको त्याचीच आहे. जा म्हणावं, संसार करा.' इतक्या दिवसांनी असं घडाघडा बोलता आलं. फार बरं वाटलं.

'आणि,' जाड्या माझ्याकडे न बघता म्हणाला, 'असा माणूस इमाम असेल तर?'

'मस्करी करतोस का? वेड्याच्या मागे कुणाची नमाज होते? दोन्ही नाही चालायचं. भानावर असेल तर बायको गेली, नसेल तर जागा गेली. त्याला विचार, काय हवंय.'

जाड्याने रुमालाने डोळे पुसले. साखरेचा त्रास आहे त्याला, डोळ्यांतून पाणी येतं. दारामागे लेकीला सर्दी झाल्यासारखं वाटलं. जाड्या गेल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला. इमाम, किरकोळ कारण, रकाती विसरणारा! हा लांब्याच. हल्ली बायकोला माहेरी पाठवलीय ती उगाच नाही. आता बघतोच.

२२ तारीख, शुक्रवार

नमाज लांब्याने पढवली. कमिटीने मला आराम करायला सांगितलंय. सलाम फिरवून लोक उठणार एवढ्यात मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, 'तुमचा हा इमाम बायकोला तीन तलाक देऊन बसलाय आणि वर तुमच्या नमाजी पढवतोय.' शिंप्याने चेहरा ओंजळीत लपवला. लांब्या माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने मान खाली घातली. मी मनात म्हटलं, खरं तेच झोंबतं.

घरी आलो. माझ्याआधी बातमी पोचलेली. ही खोलीबाहेर आली. ओढणी होती, पण उभी समोर राहिली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

'त्याची बायको बाळंतपणाला गेलीय,' म्हणाली. 'त्याने कुणाला तलाक दिलेला नाही. तुम्ही दिलाय.'

'कुणाला?'

'मला.'

मी हसलो. खरंच हसलो, या अल्लाह! म्हटलं, काहीतरीच काय. ती म्हणाली, 'बारा तारखेला. किल्लीवरून. तुम्ही रोज पहाटेच्या आधीच मशिदीत जाऊन बसत होतात, एकदा रस्ता चुकलात, म्हणून लपवली होती मी. तुम्ही बशी फेकलीत आणि तीनदा म्हणालात. शिंपीभाऊंनी ऐकलं. मी मुफ्तीसाहेबांकडे निरोप धाडला. ते तुमच्यासाठीच आले होते.'

मी वही काढली. माझी वही खोटं बोलणार नाही. बारा तारीख: 'आज विशेष काही नाही.' तिला दाखवलं. तिने वाचलं, खालच्या ओळीवर बोट ठेवलं. बशी. घसा. शिंपी.

२३ तारीख, शनिवार

आज डोकं स्वच्छ आहे. पाऊस पडून गेल्यावर काच पुसावी तसं. म्हणून भराभर लिहितो, किती वेळ राहील ते माहीत नाही.

पुस्तकाचे कागद काढून बघितले. सहा गोष्टींतली एकच लिहिली आहे. पहिलं पान अकरा वेळा. शब्द न् शब्द तोच. मला प्रत्येक वेळी नवं वाटलं होतं.

सकाळी लांब्याकडे गेलो. त्याच्या दारात उभा राहून माफी मागायची होती. तोच खाली वाकला, माझे जोडे सरळ केले आणि म्हणाला, 'उस्ताद, काल मला काही ऐकूच आलं नाही.' इतक्या लोकांत अब्रू गेली त्याची आणि म्हणतो ऐकू आलं नाही. याला मी माझ्या जागेवर टपलेला म्हणत होतो. लाज वाटते.

दुपारी जाड्या आला. आज नकला नाहीत. म्हणाला, 'निवाडा तू दिलाच आहेस. आता एवढंच सांग, बारा तारखेला तू भानावर होतास की नव्हतास?'

मी लगेच उत्तर दिलं नाही. हे लिहायलाच हवं. अडतीस वर्षं मी पुढे उभा राहिलोय. माझ्या मागे बाप उभे राहिले, मग त्यांची मुलं उभी राहिली. 'होतो' म्हटलं असतं तर निदान मी शहाणा ठरलो असतो. रागीट, पाषाणहृदयी, पण शहाणा. शहरातला एकही माणूस मला वेडा म्हणाला नसता. मी गप्प राहिलो आणि दारापलीकडे ही माझं गप्प राहणं ऐकत होती. शेहेचाळीस वर्षं जिने माझ्या आधी घास घेतला नाही तिला मी तेवढा वेळ टांगून ठेवलं. त्याचीही मला लाज वाटते.

मग म्हटलं, 'नव्हतो.'

आत कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज झाला.

जाड्याने माझा हात धरला. मी विचारलं, 'आता माझ्यावरून लेखणी उचलली ना? गुनाह लिहिला जाणार नाही.' तो म्हणाला, 'भान नसेल तेव्हाचा नाही.' 'आणि तौबा? मी भान नसताना रडून तौबा केली, माफी मागितली तर तीही नाही ना लिहिली जाणार?' त्याने माझा हात सोडला नाही. मग म्हणाला, 'आजारी माणूस धडधाकट असताना जे करायचा ते त्याच्या नावावर चालूच राहतं. तू घाबरू नकोस.' मी घाबरलोय. कयामतची मी वर्गात इतक्यांदा भीती घातली, पण तिथे निदान माणसाला विचारतात तरी. ज्याला काही विचारलंच जाणार नाही त्याने काय करायचं?

लेक रात्री परत जाईल. तिने कागद पुन्हा चिकटवला आहे, गॅसचा. मी फाडणार नाही.

२५ तारीख, सोमवार

फजर लांब्याच्या मागे पढलो. पहिल्या रांगेत जागा देत होते, मी दुसरीत उभा राहिलो. समोर अडतीस वर्षांत कधी न पाहिलेली गोष्ट दिसली, इमामाची पाठ. रडू आलं पण पढलो.

ही समोर बसून चहा प्यायली. ओढणी खांद्यावर. माझ्या हाताला हात लावून म्हणाली, 'आता मी कुठे जात नाही.' म्हटलं, 'जाऊन बघा!' दोघंही हसलो. अल्लाहचा शुकर. एवढं मिळालं तर बाकीचं गेलं तरी चालेल.

तारीख बघायची राहिली, सकाळ

आज अवघड प्रसंग. डोळे उघडले तर खोलीत एक बाई. वयस्क, चांगल्या घरची वाटते. डोक्यावर काही नाही, पांढरे केस ओले, मोकळे, आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसून माझे मोजे गुंडाळत होती. मी झटकन नजर खाली केली. म्हटलं, 'बाई, आधी डोकं झाका. घरात बाईमाणूस नाही. ही बाहेर गेलीय, येईलच.'

मग तिने ओढणी घेतली. 'किती वेळात येतील त्या?' म्हणाली. आवाज बसलेला होता. इमामाकडे माणसं अशीच येतात, घरातलं काही बिघडलं की. विचारलं, 'नवऱ्याचं काही आहे का?'

'हो.'

'मारतो?'

'नाही.'

'सोडून गेला?'

तिने मोजा उलगडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, 'जातोय.'

म्हटलं, सबर करा. बायकांच्या असल्या गोष्टी हिला फार चांगल्या कळतात, ही आली की तिच्याशी मोकळं बोला. तिने विचारलं, तोवर मी इथेच बसू का? नाही कसं म्हणायचं? पण परक्या बाईबरोबर बंद दाराआड बसणं बरं दिसत नाही, म्हणून दार सताड उघडं ठेवायला सांगितलं. तिने ठेवलं. उंबऱ्याजवळ बसली आहे, तोंड ओढणीत. मी इकडे खिडकीपाशी बसून लिहितोय. चहाची वेळ होऊन गेली, ही अजून आली नाही.